आईच्या बोटांचे ठसे आता कुठे आहेत?

गेल्या वर्षी आईचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) काढायला आम्ही मुंबईच्या व्हिसा सेंटरवर गेलो होतो. ताई आणि दाजी जर्मनीत आखेनला असतात, त्यामुळे आई आणि आम्ही नवराबायको असा तिघांचा जायचा बेत होता. फॉर्म, बँक स्टेटमेंट, इन्शुरन्स सगळं व्यवस्थित झालं आणि गाडी अडली ती ठशांवर. आईचे ठसे उमटेचनात. सत्तरीला टेकलेली बाई, आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, रानात भांगलण केली, बोटांवर रेघा राहिल्यात कुठे. काउंटरवरच्या मुलीने ओल्या टिश्यूने बोटं पुसायला लावली, मग "आजी जरा दाबून ठेवा", परत पुसलं, परत दाबलं, आधी उजवी चार, मग डावी चार, मग दोन्ही अंगठे, आणि मशीन आपलं दर वेळी लालच. आईला हे नवीन नाही, रेशनच्या दुकानात पण तिचा अंगठा लागत नाही, ती निवांत उभी होती, घाम मलाच फुटला होता. पाचव्या का सहाव्या वेळी एकदाचं मशीन पावलं. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "हे ठसं पोलिसांकडं जात्यात का रं?" मी म्हटलं, "नाही गं, व्हिसापुरतं असतं ते."

घरी येऊन वाचत बसलो तेव्हा कळलं की मी आईला चुकीचं सांगितलंय.

ते ठसे युरोपच्या व्हिसा इन्फर्मेशन सिस्टिममध्ये जातात आणि पाच वर्षं तिथे राहतात. भारतातून अर्ज करणाऱ्यांचे ठसे २०१५ च्या नोव्हेंबरपासून घ्यायला लागले. आणि दहशतवाद किंवा गंभीर गुन्ह्याच्या तपासात युरोपातल्या देशांचे पोलीस आणि युरोपोल ही त्यांची सामायिक एजन्सी त्या डेटाबेसमध्ये शोधू शकतात, तसा निर्णय २००८ सालीच झालाय. अटी आहेत, कुणीही हवालदार उठून बघू शकत नाही, विशिष्ट केस लागते, कारण लेखी द्यावं लागतं, हे सगळं मान्य. पण "व्हिसापुरतं" नाही म्हणजे नाही.

मी काही प्रायव्हसीचा झेंडा घेऊन फिरणारा माणूस नाही. पंधरा वर्षं डेटाबेसमध्येच नोकरी करतोय, एका सिस्टिममधला डेटा दुसरीत नेणं, डुप्लिकेट रेकॉर्ड शोधणं, दोन रमेश पाटील एकच आहेत का वेगळे हे ठरवणं, हाच धंदा. त्यामुळे युरोपात पोलिसांनी एकमेकांना माहिती द्यावी का नको या वादात मला फार रस नाही, द्यावीच. मला खटकतं ते वेगळंच आहे. माहिती एका देशातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात जाते तशी ती जास्त जास्त खरी वाटायला लागते, आणि ती चुकली तर कुणाची कॉलर धरायची हे मात्र दर टप्प्यावर अंधुक होत जातं. या दोन गोष्टी एकाच वेळी घडतात हा खरा प्रॉब्लेम आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू. आपल्याकडे इंटरपोल आणि युरोपोल लोक एकच समजतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये मेहुल चोक्सीला बेल्जियममध्ये अँटवर्पला अटक झाली तेव्हा व्हॉट्सॲपवर सगळे "रेड कॉर्नर नोटीस" म्हणत होते, पण ती नोटीस इंटरपोलने २०२३ मध्येच काढून टाकली होती, अटक झाली ती भारताने थेट बेल्जियमकडे केलेल्या प्रत्यार्पणाच्या मागणीवरून. इंटरपोल म्हणजे फ्रान्समधल्या ल्याँ शहरातली जगभरच्या पोलिसांची संघटना. युरोपोल ही युरोपियन युनियनची एजन्सी, हेगमध्ये. पिक्चरमध्ये दाखवतात तसे तिचे लोक दारं फोडून आत घुसत नाहीत, त्यांना अटकेचा अधिकारच नाही. युरोपोलचं काम म्हणजे डेटा. देश माहिती पाठवतात, तिथले ॲनालिस्ट ती जोडतात, ताडून बघतात, परत पाठवतात. म्हणजे डेटा शेअरिंगच काढून घेतलं तर हेगमध्ये एक रिकामी बिल्डिंग उरेल.

आता हे शेअरिंग का लागतं ते आखेनला गेल्यावर पाच मिनिटांत कळतं. ताईच्या घराजवळून बस पकडली की थोड्या वेळात नेदरलँड्समधलं फाल्स गाव येतं, ताई तिकडे भाजी आणायला जाते, आपण कोथरूडहून मंडईत जावं तसं. गावावरच्या टेकडीवर जर्मनी, नेदरलँड्स आणि बेल्जियम तिन्ही देशांच्या हद्दी एका खांबापाशी मिळतात, तिथे आईचा फोटो काढला, एक पाय एका देशात आणि एक दुसऱ्यात. आई इकडे तिकडे बघत म्हणाली, "पोलीस कुठायत मग?" नव्हतेच. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने या बाजूला पुन्हा तपासणी सुरू केली आहे, त्यामुळे कधीतरी येताना बसमध्ये पोलीस चढतात असं ताई सांगते, पण एकूण हिशोब उघड्या दारांचाच.

आणि दार उघडं म्हटल्यावर चोर पण येणारच की. जर्मनीत २०२२ या एका वर्षात ४९६ वेळा एटीएम स्फोटकांनी उडवली किंवा तसा प्रयत्न झाला. त्यातले बरेचसे संशयित नेदरलँड्सचे. कारण गमतीशीर आहे, डच लोकांनी रोख पैसे वापरणं कमी केलं, एटीएम घटवली, उरलेल्यांचा बंदोबस्त कडक केला, आणि जर्मन माणूस मात्र अजून खिशात नोटा घेऊन फिरतो. मग टोळ्यांनी धंदा बॉर्डरपलीकडे हलवला. रात्री तीनला दणदणाट, दमदार ऑडी, मोकळा हायवे, आणि जर्मन पोलीस गाडीत बसेपर्यंत हे दुसऱ्या देशात. आता जर्मन पोलिसाला डच नंबरप्लेट कुणाची हे कळायला चार दिवस लागले तर संपलंच ना सगळं. पूर्वी असंच होतं, पत्र लिहा, त्यांच्या मंत्रालयामार्फत जाईल, भाषांतर होईल, उत्तर येईल तेव्हा येईल.

यावर पहिला मोठा उपाय म्हणजे शेंगेन इन्फर्मेशन सिस्टिम, १९९५ मध्ये सुरू झाली. हरवलेली माणसं, वॉन्टेड माणसं, चोरीच्या गाड्या, हरवलेले पासपोर्ट, सगळ्याची एक सामायिक यादी, आज त्यात कोट्यवधी नोंदी आहेत, माणसांच्या त्यामानाने कमी, जास्त करून कागदपत्रं आणि वस्तू. दुसरा उपाय प्र्यूमचा. जर्मनीतल्या या छोट्या गावात २००५ साली सात देशांनी करार केला की डीएनए, बोटांचे ठसे आणि गाड्यांची नोंदणी एकमेकांना शोधू द्यायची. ठसे-डीएनएची युक्ती बघा, मला प्रोफेशनली आवडलेली आहे. मी तुम्हाला माझं कपाट उघडून देत नाही. तुम्ही नमुना पाठवा, माझं मशीन फक्त एवढंच सांगेल की "हो, असा एक आहे" किंवा "नाही". हो आलं तर मग रीतसर मागा, नाव-गाव नंतर मिळेल. निदान मूळ कल्पना तरी अशी होती. २०२४ च्या नव्या नियमाने यात चेहऱ्यांचे फोटो आले, पोलिसांकडच्या नोंदीही आल्या.

आणि माहिती वेळेत न पोचल्याची किंमत युरोपने रक्ताने मोजलीय हे विसरून चालणार नाही. १३ नोव्हेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये हल्ले झाले, १३० माणसं गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बेल्जियमच्या दिशेने जाणारी एक गाडी फ्रेंच पोलिसांनी कांब्रे जवळ अडवली. गाडीत सालाह अब्देसलाम होता, हल्लेखोरांपैकीच एक. बेल्जियमने त्याचं नाव सिस्टिममध्ये टाकलेलं होतं, पण साध्या गुन्हेगारीच्या संदर्भात, दहशतवादाचा उल्लेखच नव्हता. पोलिसांनी नाव तपासलं, विचारणा केली, कागद बघितले, थोडा वेळ थांबवलं आणि जाऊ दिलं. त्याच्या जिहादी संबंधांची माहिती ब्रसेल्सहून आली तोवर गाडी निघून गेली होती. तो सापडला चार महिन्यांनी, ब्रसेल्समधल्याच मोलेनबेक भागात, आणि त्याला पकडल्यावर चारच दिवसांत ब्रसेल्सच्या विमानतळावर आणि मेट्रोत बॉम्ब फुटले, ३२ जण गेले. २०१६ च्याच डिसेंबरमध्ये बर्लिनच्या ख्रिसमस मार्केटमध्ये ट्रक घुसवणारा अनिस आम्री, हा जर्मनीत चौदा वेगवेगळ्या नावांनी वावरत होता. चौदा! शेवटी पोलिसांच्या गोळीने मेला तो मिलानजवळ, इटलीत.

हे वाचून कुणीही म्हणेल की सगळे डेटाबेस एकमेकांना जोडा बाबा, काय ते एकदाचं. आणि युरोपने तेच केलं, २०१९ मध्ये त्याचे दोन कायदे झाले. नवीन २०२३ च्या नियमात तर तास मोजलेत, अर्जंट असेल आणि माहिती हाताशी असेल तर आठ तासांत उत्तर, हाताशी नसेल तर तीन दिवस, बाकी सगळ्याला सात दिवस. मला यात काहीच वावगं वाटत नाही, उलट आपल्याकडे दोन जिल्ह्यांच्या पोलिसांमध्ये असं असतं तर बरं झालं असतं असंच वाटतं.

पण आता दुसरी गोष्ट ऐका. ही मला कुठल्याही भुताच्या गोष्टीपेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

२५ एप्रिल २००७, जर्मनीतलं हाइलब्रॉन शहर. मिशेल कीझेवेटर नावाची २२ वर्षांची पोलीस आणि तिचा सहकारी दुपारच्या ब्रेकमध्ये मैदानाशेजारी गाडी लावून बसले होते. कुणीतरी दोन्ही बाजूंनी येऊन डोक्यात गोळ्या घातल्या. ती जागीच गेली, तो वाचला. गाडीत डीएनएचा अंश सापडला, बाईचा. डेटाबेसमध्ये टाकला आणि एकेक दार उघडत गेलं. हाच डीएनए १९९३ मध्ये गळा आवळून मारलेल्या एका वयस्कर बाईच्या घरातल्या कपावर होता. २००१ मध्ये फ्रायबुर्गला झालेल्या खुनात होता. जंगलात सापडलेल्या हेरॉइनच्या सिरिंजवर होता. फोडलेल्या कॅरव्हानमधल्या अर्धवट खाल्लेल्या बिस्किटावर होता. फ्रान्समधल्या एका दरोड्यानंतर मिळालेल्या खेळण्यातल्या पिस्तुलावर होता. ऑस्ट्रियातल्या घरफोड्यांमध्ये होता. तीन देश, चाळीसेक ठिकाणं, एकच बाई. पेपरवाल्यांनी तिला "हाइलब्रॉनची फँटम" नाव दिलं. तीन लाख युरोचं बक्षीस लागलं. ही बाई भटक्या टोळीतली असणार म्हणून रोमा आणि सिंती लोकांकडे बोटं दाखवून झाली.

२००९ मध्ये फ्रान्समध्ये जळालेल्या एका प्रेताची ओळख पटवायची होती, माणूस आश्रय मागणारा, पुरुष. त्याच्या जुन्या अर्जावरच्या ठशांतून डीएनए काढला तर निघाली कोण? तीच बाई! तेव्हा कुठे कुणाच्यातरी डोक्यात प्रकाश पडला. नमुने गोळा करायच्या कापसाच्या काड्या, त्या जिथे पॅक होत तिथल्या कामगार बाईचा डीएनए त्यांना लागलेला होता. काड्या जंतुविरहित होत्या, पण जंतू मारणं वेगळं आणि डीएनए नसणं वेगळं, आणि डीएनए तपासाला वापरायच्या म्हणून त्या बनवलेल्याच नव्हत्या. बवेरियात मात्र ही बाई एकदाही "आली" नव्हती, आजूबाजूला सगळीकडे धुमाकूळ आणि मध्येच एवढं मोठं राज्य कोरडं, कारण तिथले पोलीस काड्या दुसरीकडून घेत होते. आता विचार करा, मशीनची चूक नव्हती, डेटाबेसची नव्हती, मॅच शंभर टक्के खरी होती. एक राज्य, मग दुसरं, मग दुसरा देश, प्रत्येकाच्या मॅचने आधीच्याचा विश्वास वाढवला. चाळीस वेळा तीच चूक झाली आणि चाळीस वेळा तो पुरावा मानला गेला.

आणि खरे मारेकरी? २०११ च्या नोव्हेंबरमध्ये आयझेनाखला एका कॅम्पर गाडीत दोन निओनाझींची प्रेतं सापडली, सोबत कीझेवेटर आणि तिच्या सहकाऱ्याची सरकारी पिस्तुलं. त्या टोळीने तिच्याशिवाय नऊ परदेशी मुळाच्या माणसांना मारलं होतं. आणि हे मारेकरी जर्मनीतच वाढलेले, कुठल्या सीमेपलीकडून न आलेले.

लोक म्हणतात ना, "माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग घ्या माझा डेटा". त्या काड्या पॅक करणाऱ्या बाईकडे तरी लपवण्यासारखं काय होतं? रोज सकाळी कामावर जायची आणि तीन देशांचे पोलीस तिला शोधत होते.

आता हेच आपल्या माणसांना लावून बघा. युरोपात एक नवीन यंत्रणा येऊ घातलीय, एकाच माणसाच्या अनेक ओळखी शोधणारी. व्हिसा, बॉर्डरची नोंद, आश्रयाचे अर्ज, पोलिसांची यादी, सगळीकडचे ठसे-चेहरे-नावं ताडून बघायची आणि रंग द्यायचे. पांढरा म्हणजे तोच माणूस, सगळं ठीक. हिरवा म्हणजे वेगवेगळी माणसं, योगायोग. लाल म्हणजे फसवणूक. आणि पिवळा म्हणजे जुळतंय पण जुळत नाही, माणसाने बसून बघायला पाहिजे. आम्रीसारख्या चौदा नावांच्या माणसाला पकडायला हे ठीक आहे. पण माझ्या बायकोचं बघा. २०२२ मध्ये ती ऑफिसच्या कामाने पॅरिसला जाऊन आली, पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं. २०२३ मध्ये आमचं लग्न झालं, पासपोर्ट बदलला, मधलं नाव माझं, आडनाव माझं. आता ठसे तेच, चेहरा तोच, नाव दोन तृतीयांश वेगळं. पिवळा! आमच्या आत्यांच्या पिढीत तर लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही बदलायचे, म्हणजे तीनपैकी तीन वेगळं. मराठी घरात ही साधी रीत आहे, तिकडच्या मशीनच्या भाषेत ती संशयास्पद अनेक ओळख आहे. कायद्यात पांढऱ्या रंगाची सोय आहे, कबूल, पण पिवळ्याचा पांढरा करायला कुणीतरी अधिकारी बसणार, त्याला मंगलाष्टकं आणि नाव बदलायची पद्धत कोण सांगणार? आणि मधलं नाव म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही तो दोन मिनिटांत काय ठरवणार? माझ्या अनुभवाने सांगतो, ऑफिसमध्ये अशी मॅन्युअल तपासणीची रांग हजाराच्या वर गेली की माणूस वाचायचं सोडून क्लिक करायला लागतो. मीही केलंय.

बरं, एका कामासाठी घेतलेला डेटा दुसऱ्या कामाला लागणं हे एकदाच घडलेलं नाही, ती सवयच आहे. युरोडॅक नावाचा ठशांचा डेटाबेस २००३ मध्ये सुरू झाला तो आश्रय मागणाऱ्याने आधी कुठल्या देशात अर्ज केलाय एवढंच बघायला. २०१५ पासून तो पोलिसांना उघडला. आधी चौदा वर्षांपुढच्यांचे ठसे घ्यायचे, नव्या कायद्यात सहा वर्षांच्या पोरांपासून. प्रत्येक पायरीला कारण असतं आणि कारण खोटं नसतं, हरवलेली मुलं शोधायला मदत होते वगैरे. पण परत खाली उतरलेली पायरी मला तरी एकही दिसली नाही.

आता युरोपोलचं सांगतो, कारण जबाबदारीचा मुद्दा तिथे उघडा पडतो. देशांकडून येणारा डेटा इतका वाढला की त्यात गुन्हेगार कोण आणि त्याच्या फोनमध्ये सेव्ह असलेला त्याचा दूधवाला कोण हे वेगळं काढायलाच वेळ होत नव्हता. नियम असा की ज्याचा गुन्ह्याशी संबंध नाही त्याचा डेटा ठेवायचा नाही. युरोपियन युनियनचा डेटावर नजर ठेवणारा एक अधिकारी आहे, त्याने २०२० मध्ये युरोपोलला समज दिली, आणि ३ जानेवारी २०२२ ला थेट आदेशच धाडला, यापुढे सहा महिन्यांत वर्गवारी झाली नाही तर डेटा पुसा, जुन्याला वर्षाची मुदत. तेव्हा बातम्यांत आकडा आला होता चार पेटाबाइटचा. म्हणजे एक टेराबाइटच्या चार हजार हार्ड डिस्क. मग काय झालं असेल? युरोपोलने पुसलं? नाही. जूनमध्ये कायदाच बदलला. जे नियमबाह्य होतं ते मागच्या तारखेपासून नियमात बसवून टाकलं. तो अधिकारी कोर्टात गेला, तर २०२३ मध्ये कोर्टाने सांगितलं की तुम्हाला हा दावा करायचा अधिकारच नाही. अंपायरने आउट दिला तर क्रिकेटचे नियम बदलले आणि वर अंपायरलाच म्हणाले की तुला अपील करता येत नाही.

युरोपोलची बाजू घेणारे लगेच एन्क्रोचॅट काढतात, आणि त्यांनी काढावंच, कारण ते उदाहरण जबरदस्त आहे. गुन्हेगारांमध्ये पॉप्युलर असलेले खास एन्क्रिप्टेड फोन, हजारभर युरोला एक, त्यांचा सर्व्हर फ्रान्समध्ये रूबे गावात. फ्रेंच पोलिसांनी २०२० मध्ये आत शिरून मेसेज वाचायला सुरुवात केली, डच पोलीस सोबत, युरोपोलमार्फत डेटा सगळीकडे. तीन वर्षांनी युरोपोलने हिशोब दिला, ६,५५८ अटका, साडेअकरा कोटी संभाषणं, सुमारे नव्वद कोटी युरो जप्त किंवा गोठवलेले. त्या मेसेजवरूनच डच पोलिसांना वाउसे प्लांटाज गावात सात कंटेनर सापडले, सहांच्या कोठड्या केलेल्या आणि सातव्यात डेंटिस्टची खुर्ची, हातपाय बांधायच्या पट्ट्यांसकट, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अस्तर. माणसांना छळायची खोली, वापरायच्या आधी सापडली. ज्यांना उचलणार होते त्यांना आधीच सावध केलं गेलं. हे वाचल्यावर "डेटा शेअरिंग वाईट" म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पण त्याच केसमध्ये जर्मनीतल्या आरोपीच्या वकिलाने विचारलं की हा डेटा नेमका कसा काढला, मध्ये काही बदललं नाही कशावरून, तर फ्रान्सचं उत्तर काय, संरक्षणविषयक गुपित. म्हणजे पुरावा एका देशातून आला, शिक्षा दुसऱ्या देशात होणार, आणि पुरावा कसा मिळाला हे कुठेच तपासता येणार नाही. ३० एप्रिल २०२४ ला युरोपच्या सर्वोच्च कोर्टाने मधला रस्ता काढला, डेटा पाठवणं चालेल, पण निकाल फिरवू शकेल अशा पुराव्यावर आरोपीला नीट बोलताच येत नसेल तर तो बाजूला ठेवावा लागेल. मला हे बरोबर वाटतं, पण बघा, निकाल कधी आला? चार वर्षांनी. तोवर कितीतरी जण आत जाऊन बसलेले.

त्याच वर्षी मार्चमध्ये आणखी एक निकाल आला, तो कमी गाजला पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा. स्लोव्हाकियातला उद्योगपती मारियान कोच्नर, पत्रकार यान कुत्सियाक याच्या खुनाच्या तपासात याचे फोन जप्त झाले, त्यातला डेटा काढायला युरोपोलकडे पाठवले. पुढे त्याच्या मैत्रिणीशी झालेल्या खासगी गप्पा पेपरात छापून आल्या. लीक हेगमधून झालं का स्लोव्हाकियाच्या राजधानीतून, ब्रातिस्लाव्हातून? कुणीच सांगू शकेना. माणूस काही साधुसंत नाही, बनावट कागदपत्रांच्या दुसऱ्या केसमध्ये १९ वर्षांची शिक्षा झालेला आहे, पण कोर्टाने सांगितलं की कुठून लीक झालं हे सिद्ध करायची जबाबदारी त्याची नाही, युरोपोल आणि तो देश दोघंही मिळून जबाबदार. भरपाई मिळाली दोन हजार युरो. रक्कम हसण्यासारखी आहे, पण तत्त्व सोन्यासारखं आहे. दोन हातांतून गेलेल्या भांड्याला पोचा आला तर दोघांकडूनही वसूल. हेच तत्त्व मला शेंगेनच्या यादीला, प्र्यूमच्या मॅचला, पिवळ्या-लाल रंगांना, सगळ्याला लावलेलं हवंय, आणि नंतर कोर्टात भांडून नाही तर आधीच कायद्यात लिहून.

कारण चूक फक्त घेण्यात होत नाही, देण्यातही होते. ब्रिटन युरोपियन युनियनमध्ये असताना परदेशी गुन्हेगारांना झालेल्या शिक्षा त्यांच्या मूळ देशांना कळवायच्या असत. कॉम्प्युटरच्या गडबडीने ७५,००० शिक्षा वर्षानुवर्षं कळवल्याच नाहीत, आणि कळलं तेव्हा नाचक्की होईल म्हणून गप्प बसले, असं २०२० च्या जानेवारीत बाहेर आलं. त्यावर कुणाची नोकरी गेल्याचं माझ्या वाचनात नाही. आमच्याकडे चुकीचा डेटा लाइव्ह गेला तर रात्री दोनला फोन येतो आणि कुणाच्या लॉगिनने गेला हे पाच मिनिटांत निघतं. पोलिसांच्या डेटाला निदान एवढं तरी असावं की नाही? प्रत्येक नोंदीला ती कुठून आली, कुणी टाकली, किती खात्रीची आहे हे चिकटलेलं असावं, आणि मूळ नोंद चुकीची निघाली की ज्यांनी ज्यांनी ती उचलली त्या सगळ्यांकडे दुरुस्ती आपोआप जावी. हे टेक्निकली अवघड नाही, बँका करतात. कुणाला करायचं नाही म्हणून होत नाही, कारण दुरुस्ती पाठवणं म्हणजे आपण चुकलो हे सव्वीस-सत्तावीस देशांना एकदम सांगणं.

आपला यात संबंध वाढतच जाणार आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या बॉर्डरवर पासपोर्टवरचे शिक्के जाऊन सगळी नोंद कॉम्प्युटरमध्ये व्हायला लागलीय, चेहऱ्याच्या फोटोसकट, तीन वर्षं राहणारी. मार्च २०२४ मध्ये सीबीआय आणि युरोपोल यांचा सहकार्याचा करार झाला. पण या प्रकारच्या करारात एक मेख आहे, युरोपच्या कायद्यानुसार त्यातून माणसांचा वैयक्तिक डेटा देता येत नाही, तो द्यायचा तर समोरच्या देशाने डेटा नीट सांभाळायची हमी लागते. आणि आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची खिडकी चांगली मोठी ठेवलीय. म्हणजे आपल्या पोलिसांना तिकडचा डेटा हवा असेल तर आधी इकडच्या माणसाच्या डेटाची काळजी घ्यावी लागेल. युरोपच्या या एका हट्टाबद्दल मला त्यांचं कौतुक आहे, बाकी चार पेटाबाइटचं काहीही असो.

परवा आईला हे सगळं सांगत होतो, अर्थात पेटाबाइट वगळून. तिने विचारलं, "मग माझं ठसं आता हायत कुठं?" मी सांगितलं, फ्रान्समध्ये श्ट्रासबुर्गला सर्व्हर आहे, तिथे. आणि तिथे काही झालं तर म्हणून एक जादा कॉपी ऑस्ट्रियात, डोंगरातल्या सांक्ट योहान गावात. पाच वर्षांनी पुसले जातात.

"आपोआप?"

"आपोआप."

आई थोडा वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "आन न्हाई पुसलं, तर आपल्याला कोन सांगणार?"